शंका कागदावर होती, मग गेली कुठे? इराक २००३ चं प्रकरण

इराक युद्धाचा विषय काढला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे अमेरिका खोटं बोलली, सगळं तेलासाठी केलं. दुसरं म्हणजे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं, सगळेच फसले. पहिलं वाक्य अर्धवट आहे आणि दुसरं सरळ चुकीचं, कारण माहीत असणारे लोक होते, सरकारच्या आतच होते, पगारी नोकर होते, आणि त्यांनी युद्ध सुरू व्हायच्या आधी लेखी सांगितलं होतं की साहेब, हे पुराव्यात बसत नाही. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींसोबत एकेक प्रकरण घेऊन बसते, नीतिशास्त्राच्या पेपरसाठी. यावेळी हे घेतलं आणि चर्चा दुपारच्या मेसची वेळ टळून गेली तरी संपेना, म्हणून म्हटलं सगळं सविस्तर लिहूनच काढावं.

माझं म्हणणं आधीच सांगते. शंका खालच्या टेबलावर होती, आणि कागद जसजसा वर सरकला तसतशी ती गाळली गेली. कुणी एका माणसानं बसून सगळं खोटं रचलं असं दाखवता येत नाही, पण कोणत्या पायरीवर कोणतं वाक्य गायब झालं हे मात्र तारखेसकट दाखवता येतं, कारण नंतरच्या चौकशांमध्ये ते कागद बाहेर आले.

घटनाक्रम, पटकन

२६ ऑगस्ट २००२ ला अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी जाहीर भाषणात म्हणाले की सद्दामकडे महासंहारक शस्त्रं आहेत यात काही शंकाच नाही. सप्टेंबरमध्ये ब्रिटननं एक पुस्तिका काढली, त्यात ४५ मिनिटांत शस्त्रं सज्ज होऊ शकतात असा दावा होता. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी राष्ट्राध्यक्ष बुशना बळ वापरायचा अधिकार दिला, खालच्या सभागृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. ८ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेचा ठराव १४४१, म्हणजे इराकला शस्त्रं सोडायची शेवटची संधी देणारा, एकमतानं झाला आणि महिनाअखेर संयुक्त राष्ट्रांचे शस्त्र तपासनीस इराकमध्ये परत गेले. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचं संयुक्त राष्ट्रांतलं भाषण, २० मार्चला युद्ध. नंतर इराक सर्व्हे ग्रुप या अमेरिकेच्या शोधपथकानं देशभर शोधाशोध केली आणि २००४ च्या अहवालात निष्कर्ष निघाला की शस्त्रांचे साठे नव्हते आणि अणुकार्यक्रम १९९१ च्या युद्धानंतर बंदच पडला होता.

आता खरं प्रकरण.

नळीचा प्रश्न

२००१ मध्ये इराकला जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जॉर्डनमध्ये पकडल्या गेल्या. ७०७५-टी६ नावाचा मजबूत मिश्रधातू, बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंतीची जाडी साधारण ३.३ मिलिमीटर, आणि वरून अ‍ॅनोडायझिंग केलेलं. सीआयएच्या विश्लेषकांचं म्हणणं, या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, म्हणजे अतिवेगानं फिरून अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी. ८ सप्टेंबर २००२ ला बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलीझा राइस टीव्हीवर म्हणाल्या की या नळ्या खरं तर अणुशस्त्र कार्यक्रमालाच लागू पडतात.

हे असले आकडे पोरांना तोंडपाठ करायला सांगून उपयोग नसतो, म्हणून मी ते एका कागदावर लिहून भोसरीला आमच्या दादाकडे नेले. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, त्याचं टर्निंगचं वर्कशॉप आहे, आयुष्य अ‍ॅल्युमिनियम कापण्यात गेलंय. कशासाठी ते न सांगता नुसतं विचारलं, दादा, ही नळी कशाला लागत असेल? त्यानं कागद लांब धरून वाचला आणि म्हणाला, "अ‍ॅनोडायझिंग कशाला केलंय? म्हणजे माल उघड्यावर पडून राहणार, गंजू नये म्हणून." मग म्हटलं, समजा ही नळी अतिप्रचंड वेगानं फिरवायची आहे. तर म्हणाला, "मग एवढी जाड कशाला घेईल कुणी? खरवडून खरवडून पातळ करत बसायचं? पाहिजे तशीच मागवेल ना."

भोसरीतल्या माणसाला दोन मिनिटांत जे प्रश्न पडले तेच प्रश्न अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांना २००१ मध्येच पडले होते, आणि ते साधे तज्ज्ञ नव्हते, सेंट्रिफ्यूज बनवण्यात ज्यांची हयात गेली असे लोक होते. त्यांनी लिहून दिलं की मापं सेंट्रिफ्यूजला सोयीची नाहीत, उलट इराक आधीपासून जी ८१ मिलिमीटरची रॉकेटं बनवतो त्याच्याशी व्यास, लांबी, धातू सगळं तंतोतंत जुळतं. इराकची जुनी रॉकेटं उघड्यावर ठेवून गंजली होती, म्हणून अ‍ॅनोडायझिंग. समोरून युक्तिवाद आला की रॉकेटला एवढा काटेकोर टॉलरन्स कोण मागतं, तर अमेरिकेच्याच एका रॉकेटमध्ये असाच धातू आणि तितकेच काटेकोर स्पेसिफिकेशन वापरतात हेही दाखवून झालं.

मग पुढे काय झालं ते नीट बघा, कारण गाळणी इथेच दिसते. १ ऑक्टोबर २००२ ला नॅशनल इंटेलिजन्स एस्टिमेट नावाचा सुमारे नव्वद पानांचा गुप्त अहवाल तयार झाला. तोसुद्धा सरकारनं आपणहून काढला नव्हता, सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागितला म्हणून तीन आठवड्यांच्या आत घाईघाईनं केला. त्यात ऊर्जा खात्याची नळ्यांबाबतची असहमती होती. परराष्ट्र खात्याचा स्वतःचा गुप्तवार्ता विभाग आहे, आयएनआर म्हणतात त्याला, त्यांचीही असहमती होती आणि ती आणखी रुंद होती: इराकनं अणुकार्यक्रम पूर्ण जोमात पुन्हा सुरू केलाय असं म्हणायला पुरेसा पुरावा आम्हाला दिसत नाही. म्हणजे शंका सही-शिक्क्यानिशी अहवालात होती.

तीन दिवसांनी जनतेसाठी पंचवीसेक पानांची उघड आवृत्ती निघाली. त्यात नळ्यांबद्दल एवढंच राहिलं की बहुतेक तज्ज्ञांच्या मते त्या अणुकार्यक्रमासाठी आहेत, काहींना त्या साध्या शस्त्रांसाठी वाटतात. हे "काही" कोण, तर देशातले सेंट्रिफ्यूजचे सगळ्यात जाणकार लोक, ही ओळखच उडाली. "आमचा अंदाज आहे" असे शब्द बऱ्याच ठिकाणी उडाले आणि नुसतं ठाम विधान उरलं. आठवड्याभरात मतदान झालं. मूळ अहवाल सुरक्षित खोलीत जाऊन वाचायची सोय खासदारांना होती, पण तिथे जाऊन वाचणारे सिनेटर मोजकेच होते. ग्रॅहमनी वाचला होता आणि त्यांनी विरोधात मत दिलं.

मला या सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो की प्रश्न अवघड नव्हता. सद्दामच्या मनात काय आहे हे कुणी ओळखायचं नव्हतं, नळीची भिंत किती जाड आहे एवढंच बघायचं होतं.

मंत्री बदललेला होता

नायजरचं प्रकरण छोटं आहे पण सांगायलाच हवं. आफ्रिकेतल्या नायजर देशाकडून इराक ५०० टन युरेनियम घेणार असल्याचे कागद फिरत होते. फेब्रुवारी २००२ मध्ये माजी राजदूत जोसेफ विल्सन यांना सीआयएनं तिकडे पाठवलं आणि त्यांनी परत येऊन सांगितलं की असा व्यवहार झाला असण्याची शक्यता फार कमी. आयएनआरनंही हा दावा अत्यंत संशयास्पद असल्याचं लिहिलं. ऑक्टोबरमध्ये बुश यांच्या सिनसिनाटीतल्या भाषणातून सीआयएनं हा उल्लेख काढायला लावला होता. तरी २८ जानेवारी २००३ च्या वार्षिक भाषणात तो परत आला, फक्त आता ब्रिटनच्या नावानं. ब्रिटनचं म्हणणं पुढेही हेच राहिलं की आमची माहिती त्या कागदांवर अवलंबून नव्हती, आणि तेही नोंदवायला हवं.

ते कागद शेवटी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हातात आले. २००० सालच्या ऑक्टोबरची तारीख असलेल्या एका पत्रावर परराष्ट्रमंत्री म्हणून अशा माणसाची सही होती ज्यानं ते पद १९८९ मध्येच सोडलं होतं. ७ मार्च २००३ ला या संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बारादेई यांनी सुरक्षा परिषदेत उभं राहून सांगितलं की कागद अस्सल नाहीत, आणि नळ्यांबद्दलही सांगितलं की त्या सेंट्रिफ्यूजसाठी होत्या असं दिसत नाही. युद्धाला तेरा दिवस होते.

तेरा पानं आणि एक पान

चर्चा सगळ्यात जास्त रंगली ती ब्रिटनच्या कायदेशीर सल्ल्यावर, आणि माझ्या मते प्रशासनात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं हा भाग तारखांसकट वाचावा.

ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचे सल्लागार असतात, कायम नोकरीतले. त्यांचे प्रमुख सर मायकेल वुड, उपप्रमुख एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट. प्रश्न असा होता की ठराव १४४१ पुरेसा आहे का, की हल्ला करायला सुरक्षा परिषदेचा दुसरा ठराव लागेल. खात्यातल्या सगळ्याच कायदा सल्लागारांचं मत एक होतं, दुसरा ठराव लागेल, नाहीतर बेकायदेशीर. जानेवारी २००३ मध्ये वुड यांनी परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांना तसं लिहिलं. स्ट्रॉंचं उत्तर आलं की तुमचा सल्ला मी नोंदवून घेतो पण स्वीकारत नाही. स्ट्रॉ स्वतः वकील होते, पण आंतरराष्ट्रीय कायद्याचे नव्हते, आणि पुढे चौकशीत विल्म्सहर्स्टना त्यावर विचारलं तेव्हा त्यांनी नेमकं तेवढंच सांगितलं.

शेवटचा शब्द अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा सल्लागार, लॉर्ड गोल्डस्मिथ यांचा. १४ जानेवारीच्या मसुद्यात त्यांचंही मत खात्यासारखंच होतं, पुढच्या निर्णयाशिवाय बळ वापरता येणार नाही. फेब्रुवारीत ते वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकन वकिलांना भेटले. ७ मार्चला त्यांनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना तेरा पानांचा सल्ला दिला. त्यात दोन्ही बाजू होत्या. सगळ्यात सुरक्षित मार्ग दुसरा ठरावच, पण १४४१ मुळे १९९० च्या ठराव ६७८ ची, म्हणजे कुवेत प्रकरणात इराकविरुद्ध बळ वापरायला दिलेली, परवानगी पुन्हा जिवंत होते असा युक्तिवाद करता येईल, मात्र कोर्टात तो टिकेलच याची खात्री नाही, अशा धाटणीचा. वकील माणूस जसं लिहितो तसं, जपून.

पण सैन्याला असा जपून सल्ला चालत नाही. संरक्षण दलांचे प्रमुख अ‍ॅडमिरल बॉइस यांना सरळ हो की नाही हवं होतं, कारण उद्या त्यांच्या माणसांवर खटले झाले तर काय? मागणी अगदी रास्त. आणि मग आठवड्याभरात सल्ला स्पष्ट झाला. १४ मार्चला गोल्डस्मिथ यांच्या ऑफिसातून पंतप्रधान कार्यालयाला पत्र गेलं की इराकनं १४४१ चा आणखी गंभीर भंग केलाय असं पंतप्रधानांचं निःसंदिग्ध मत आहे का ते कळवा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, हो, आहे. १७ मार्चला संसदेत लेखी उत्तर ठेवलं गेलं, जेमतेम एका पानाचं, त्यात शंका, धोके, दुसरी बाजू, काहीच नाही. मंत्रिमंडळासमोर हेच एक पान गेलं, ७ मार्चची तेरा पानं गेली नाहीत.

हे दोन-तीन वेळा वाचलं की लक्षात येतं काय झालंय. युद्ध कायदेशीर आहे का हे ठरणार इराकनं भंग केला का यावर, आणि भंग केला का हे ठरवलं ज्याला युद्धाची परवानगी हवी होती त्यानंच, एका ओळीच्या उत्तरात. कोणत्या पुराव्यावर ठरवलं हे कुणी विचारलं नाही. पुढे २०१६ मध्ये चिलकॉट चौकशीचा अहवाल आला, बारा खंड, २६ लाख शब्द, त्यानं युद्ध कायदेशीर की बेकायदेशीर यावर निकाल दिला नाही पण कायदेशीर आधार आहे हे ज्या पद्धतीनं ठरवलं ती समाधानकारक तर नव्हतीच, त्याच्या जवळपासही नव्हती असं स्पष्ट नोंदवलं.

१८ मार्चला विल्म्सहर्स्टनी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. १९७४ पासूनची नोकरी. पत्र लहान आहे, भाषा कोरडी, त्यात म्हटलंय की दुसऱ्या ठरावाशिवाय बळाचा वापर कायदेशीर आहे हे मला मान्य नाही, आणि एवढ्या प्रमाणावरचा बेकायदेशीर बळाचा वापर हा आक्रमणाचा गुन्हा ठरतो. हे पत्र तेव्हा लोकांसमोर आलंच नाही. २००५ च्या मार्चमध्ये माहिती अधिकारात सरकारनं दिलं ते एक भाग झाकून, आणि मग एका टीव्ही चॅनेलनं झाकलेला भाग मिळवला. त्यात काय होतं? की अ‍ॅटर्नी जनरलचंही मत आधी आमच्यासारखंच होतं, ७ मार्चला ते बदललं, आणि आताच्या अधिकृत भूमिकेत पुन्हा बदललं. आपल्याकडे माहिती अधिकार कायदा त्याच वर्षी आला. पोरांना मी सांगितलं, उद्या तुम्ही माहिती अधिकारी म्हणून बसाल आणि एखादा परिच्छेद झाकायची फाइल समोर येईल, तेव्हा हा परिच्छेद आठवा.

ज्यांना पटलं नाही त्यांनी काय केलं

इथे सगळ्यांनी एकच केलं नाही, आणि वर्गात वाद पेटला तो यावरच.

रॉबिन कुक माजी परराष्ट्रमंत्री, २००३ मध्ये मंत्रिमंडळात सभागृह नेते. १७ मार्चला राजीनामा दिला आणि त्याच रात्री मागच्या बाकावरून भाषण केलं. फेब्रुवारीत त्यांनी ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या प्रमुखाकडून माहिती घेतली होती, म्हणजे हवेत बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं मोजूनमापून होतं, महासंहारक शस्त्रं या शब्दाचा आपण सगळे जो अर्थ घेतो त्या अर्थानं इराककडे ती बहुधा नाहीत, थोडीफार रासायनिक किंवा जैविक सामग्री असू शकेल. आणि एक विसंगती त्यांनी नेमकी पकडली: सद्दामचं सैन्य कमकुवत आहे, युद्ध झटपट संपेल असं गृहीत धरून योजना आखायची आणि त्याच वेळी तो एवढा मोठा धोका आहे की आधीच हल्ला करायला हवा असंही म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही. ब्रिटिश संसदेत टाळ्यांचा रिवाज नाही, तरी टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सरकारचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ नं पास झाला.

कॅथरिन गन जीसीएचक्यू या ब्रिटनच्या गुप्तवार्ता संस्थेत भाषांतरकार होती, वय तिशीच्या आत. ३१ जानेवारीला एनएसए या अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थेकडून आलेला एक ईमेल तिनं पाहिला, सुरक्षा परिषदेतल्या डळमळीत देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवायला मदत मागणारा, म्हणजे दुसऱ्या ठरावासाठी मतं कशी वळवता येतील ते बघायला. तिनं तो बाहेर दिला, मार्चच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात छापून आला, तिनं कबूल केलं, गोपनीयता कायद्याखाली खटला झाला. २५ फेब्रुवारी २००४ ला सरकारी पक्षानं कोर्टात पुरावाच सादर करायला नकार दिला आणि ती सुटली. तिच्या वकिलांनी अ‍ॅटर्नी जनरलच्या कायदेशीर सल्ल्याचे कागद मागितले होते, तेच ते, वरचे.

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत अथेन्सच्या दूतावासातले जॉन ब्रेडी किसलिंग आणि मंगोलियातल्या अ‍ॅन राइट यांच्यासह तिघांनी राजीनामे दिले. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू विल्की या विश्लेषकानं ११ मार्चला नोकरी सोडली, कारणं जाहीर सांगितली, आणि २०१० मध्ये तो खासदार म्हणून निवडून आला. विल्सन यांनी मात्र जुलै २००३ मध्ये, युद्धानंतर, वर्तमानपत्रात लेख लिहिला. आठवड्याभरात त्यांच्या पत्नी व्हॅलरी प्लेम सीआयएच्या गुप्त अधिकारी असल्याचं एका स्तंभलेखकानं छापलं, त्यांचं करिअर संपलं, आणि त्या माहितीच्या चौकशीत खोटं बोलल्याबद्दल उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख स्कूटर लिबी २००७ मध्ये दोषी ठरले.

लातूरकडची एक मुलगी आहे आमच्यात, दोनदा मेन्स देऊन आलेली, फार स्पष्ट बोलते. ती म्हणाली, "मॅडम, राजीनामा दिला म्हणजे खुर्ची मोकळी झाली ना? तिथे हो म्हणणारा येऊन बसला. आत राहून विरोध लिहिणाऱ्यांचं काय चुकलं?" तिच्या बाजूनं वुड यांचं उदाहरण आहे, ते थांबले, आणि आयएनआरचे लोक थांबले, त्यांची असहमती अहवालात राहिली म्हणून आज आपण वाचू शकतो. दुसरा एक मुलगा गनच्या बाजूनं होता, कायदा मोडला तर मोडला, माणसं मरणार होती. त्यावर परत वाद की उद्या प्रत्येक क्लार्कनं आपल्याला पटेल तो कागद बाहेर दिला तर सरकार चालायचं कसं?

माझं मत मी त्यांना सांगितलं आणि इथेही सांगते. लेखी असहमती पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्याशिवाय बाकी कशालाच आधार राहत नाही. पण ती लिहून फाइल पुढे सरकवली की आपलं काम संपलं असं मानता येत नाही, पुढच्या टेबलावर ती तशीच गेली का हे बघायची जबाबदारी लिहिणाऱ्याचीही आहे. आणि राजीनामा द्यायचा तर कारणासकट आणि वेळेत. विल्म्सहर्स्ट यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे, पण मतदानाच्या दिवशी खासदारांना त्यांचं मत माहीत असतं तर? तो दोष त्यांचा नाही, गोपनीयतेचे नियम त्यांनी पाळले. तरी कुकच्या भाषणाचं वजन मला जास्त वाटतं, कारण ते मताच्या आदल्या रात्री, मत देणाऱ्यांच्या तोंडावर झालं. गनबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही, पण तिनं केलेलं लपवलं नाही आणि शिक्षेची तयारी ठेवली, हे मला मोठं वाटतं.

दुसरी बाजूही मांडायला हवी. शंका घेणारे सगळेच इराक निर्दोष आहे असं म्हणत नव्हते. संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्र तपासनीस हान्स ब्लिक्स यांच्या पथकानं शेकडो ठिकाणं पाहिली, शस्त्रांचे साठे सापडले नाहीत, पण इराकनं जुन्या साठ्याचा पूर्ण हिशेब दिलेला नाही असंही ते म्हणत होते आणि काही महिन्यांची मुदत मागत होते. सद्दामनं आधी रासायनिक शस्त्रं वापरली होती, १९८८ मध्ये हलबजामध्ये कुर्दांवर, हे सगळ्यांना माहीत होतं. युद्धाला विरोध करणाऱ्या देशांच्या गुप्तचरांनाही काहीतरी असेल असं वाटत होतं. म्हणून खोटारडेपणा एवढं एकच लेबल लावून मला पुढे जाता येत नाही. "असू शकेल" चं "आहेच" कुणी केलं हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पूना डिव्हिजन

पुण्यात बसून हे वाचताना एक गोष्ट सुटता कामा नये. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज बगदादच्या दिशेनं धाडली तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. तिचे सेनापती टाऊनशेंड यांना एका डिव्हिजनवर बगदाद घ्यायची योजना धोक्याची वाटत होती, त्यांनी तसं लिहिलंही होतं, पण वरचे जनरल निक्सन यांना खात्री होती आणि आदेश निघाला. बगदादच्या अलीकडे टेसिफनला गाडी अडली, मागे सरकलेल्या फौजेला कूट गावात वेढा पडला, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. उपासमार, रोगराई, आणि शेवटी सुमारे १३ हजार सैनिकांची शरणागती. त्यातले कितीतरी कैदेतच मेले. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तिथेही शंका कागदावर होती.

२००३ मध्ये अमेरिकेनं भारताकडे इराकसाठी जवळपास एक डिव्हिजन, सतराएक हजार सैनिक मागितले. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेनं युद्धाची निंदा करणारा ठराव एकमतानं केला होता, तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत आपले मनोहर जोशी होते. सैन्य पाठवावं असं म्हणणारे दिल्लीत होते, मोठ्या संधीची भाषा चालू होती, मैत्रीचा आग्रहही होता. वाजपेयी सरकारनं विरोधी पक्षांशी बोलून, बराच वेळ घेऊन, १४ जुलैला सांगितलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, नाहीतर नाही. ज्या कायदेशीर प्रश्नावर लंडनमध्ये विल्म्सहर्स्टनी नोकरी सोडली, जवळजवळ त्याच प्रश्नावर दिल्लीत निर्णय अडला. फरक एवढाच की इथे प्रश्न निर्णयाच्या आधी टेबलावर आला आणि निर्णय होईपर्यंत तिथेच राहिला. पक्ष कुठलाही असो, या निर्णयाचं श्रेय द्यायला हवं, आणि आपल्या पोरांना बाहेरच्या देशांच्या उदाहरणांइतकंच हेही माहीत असायला हवं.

पुढच्या रविवारसाठी ७ मार्चचा सल्ला आणि १७ मार्चचं संसदेतलं उत्तर शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिलंय, पहिल्यात असलेलं आणि दुसऱ्यात नसलेलं प्रत्येक वाक्य पेन्सिलनं खूण करून आणायचं. त्यानंतर अमेरिकेचे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांचं प्रकरण घेणार आहे: फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी सिनेटसमोर सांगितलं की ताबा टिकवायला काही लाख सैनिक लागतील, आणि दोनच दिवसांत संरक्षण खात्याच्या उपमंत्र्यांनी तो आकडा जाहीरपणे उडवून लावला. लातूरच्या त्या मुलीनं मांडणी करायचं ठरलंय, शिन्सेकी राजीनामा न देता बोलले म्हणून.